सूर टिकत नाही? खुंट्या बदलण्याआधी नट बघा

लग्नसराई सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. ‘भाऊ, मनी गिटार सूरमा ऱ्हास नही.’ म्हणजे सुरात राहत नाही. घरी नीट जुळवलेली असते, हळदीच्या मांडवात पहिलं गाणं बरं जातं, दुसऱ्यात जीची (G, जाडीकडून चौथी) तार उतरते आणि तिसऱ्यात गायक मान वळवून बघायला लागतो. मग कुणीतरी जाणकार सांगतो, खुंट्या हलक्या आहेत, बदलून टाक. पोरगा पैसे घालून लॉकिंग, म्हणजे तार आवळून धरणाऱ्या, खुंट्या मागवतो, बसवतो, आणि पुढच्या मांडवात तीच जी तिथंच उतरते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसला हा प्रकार.

खुंटीच्या आत एक मळसूत्र असतं आणि त्यात अडकलेली दात्यांची चकती. तुम्ही खुंटी पिळली की मळसूत्र चकतीला फिरवतं. चकती ओढून मात्र मळसूत्र फिरत नाही. त्यामुळे तारेने कितीही ताण दिला तरी खुंटी आपणहून मागे जात नाही, स्वस्तातली असली तरी. स्वस्त खुंटीत दात्यांमध्ये थोडी ढिलाई असते, एवढंच. त्यावर उपाय फुकटचा आहे: तार चढी असेल तर आधी मुद्दाम सुराच्या खाली उतरवा आणि मग खालून वर चढवत सुरावर थांबा. वरून खाली येत थांबलात तर ती ढिलाई तारेत शिल्लक राहते आणि पहिल्याच बेंडला (तार बोटाने आडवी ढकलून सूर चढवताना) बाहेर पडते. शिवाय खुंटीच्या समोरच्या बाजूचा षट्कोनी नट (हा नट-बोल्टातला, शीर्षकातला नव्हे) सैल आहे का बघा. बहुतेक गिटारींना तिथे १०चा पाना लागतो. हाताने घट्ट, वर किंचित. एवढ्यावर खुंटीचा विषय संपवा.

आधी बघा, तार उतरते की चढते

‘सूर जातो’ एवढ्यावरून काही कळत नाही. कधी जातो आणि कोणत्या दिशेने जातो, हे सांगा.

तार बेंड केल्यावर उतरलेली राहते? मग बेंड करताना नटाच्या (मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीच्या) पलीकडची थोडी तार अलीकडे सरकली आणि परत जाताना खाचेत अडकली. ट्रेमोलोचा (तारांची बॉडीकडची टोकं धरणारा ब्रिज हलवून सूर खालीवर करणारा) दांडा खाली दाबून सोडल्यावर तार उलट चढलेली राहते? कारण तेच, दिशा उलटी: तार सैल झाली तेव्हा डोक्याकडच्या बाजूने तिला नटाच्या पलीकडे ओढून घेतलं आणि ती तिथेच अडकली. एक तार तुटली आणि बाकीच्या पाचही चढल्या? तो तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला, ब्रिज आहे, दोष नाही, त्याचा स्वभावच तसा. सहाही तारा मिळून हळूहळू उतरतात किंवा चढतात? मग हवा, मान किंवा मागच्या स्प्रिंगा बघायच्या. आणि मोकळ्या तारा ट्युनरवर चोख असूनही कॉर्ड कानाला टोचतो? मग ट्युनिंगचा नव्हे, सेटअपचा प्रश्न.

पहिल्या दोन तक्रारींसाठी एक खात्रीची चाचणी. जी तार जुळवा. सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दोन-तीन वेळा जोरात बेंड करा. ट्युनर बघा, काटा डावीकडे गेलेला असेल. आता नट आणि खुंटी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने एकदा जोर देऊन सोडा. काटा परत मध्यावर किंवा मध्याच्या जवळ आला तर खुंटीला शिव्या देणं बंद करा. घोडं पेंड खातं ते नटापाशी. जुळवताना ‘टिक्’ किंवा ‘पिंग’ असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तोही याच अडकण्याचा पुरावा.

आता जीच का? वाइंडिंग नसलेल्या तीन तारांमध्ये ती सर्वात जाड. जाड साधी तार ताणाने कमी लांबते, त्यामुळे नटात ती केसभर जरी इकडे-तिकडे अडकली तरी सूर जास्त ढळतो. बारीक ई तेवढीच अडकली तर ढळ कमी जाणवते. त्यात लेस पॉल जातीच्या गिटारींना डोक्यावर तीन खुंट्या एका बाजूला आणि तीन दुसऱ्या, म्हणजे डी आणि जी तारा नटातून निघताना बाहेरच्या बाजूला वळतात आणि खाचेच्या कडेवर घासतात. स्ट्रॅटोकास्टर जातीत सहाही खुंट्या एकाच बाजूला असल्याने तारा सरळ जातात. तिथे बी आणि बारीक ई ज्या छोट्या पत्र्याखालून जातात त्या पत्र्याशी घासतात. तिथेही लक्ष असू द्या.

तारा लावायची पद्धत

नटाला हात लावण्याआधी तारा नीट गुंडाळल्या आहेत का बघा, कारण गावोगावच्या गिटारींवर मी पाहतो ते हेच: खुंटीभोवती सात-आठ वेढे, एकावर एक चढलेले. जेवढे वेढे जास्त तेवढी बसायला शिल्लक तार जास्त. जाड तारांना दोन वेढे, बारीकांना तीन पुरे. तार खुंटीच्या भोकातून घालून पुढच्या दीड-दोन खुंट्यांच्या अंतराएवढी ढील ठेवा आणि वेढे वरून खाली, एकाखाली एक बसू द्या. मग बाराव्या फ्रेटजवळ तार बोटाने इंचभर वर उचलून ओढा, जुळवा, पुन्हा ओढा. ओढूनही उतरेनाशी होईपर्यंत. हे न करता नव्या तारा लावून थेट कार्यक्रमाला जाणाऱ्याची मला कीव येते.

उन्हाळ्यात हाताचा घाम तारांवर वाळतो आणि फ्रेटच्या वर येणाऱ्या जागी तार काळी, खरबरीत होते. अशी तार लांबीभर सारखी कंप पावत नाही, मग बाराव्या फ्रेटवर ती कधीच जुळत नाही. तारेच्या खालून नख फिरवून बघा. खाचा लागल्या तर पुढची कुठलीही दुरुस्ती व्यर्थ. आधी तारा बदला. वाजवून झालं की सुती फडक्याने तार वरून आणि खालून पुसायची सवय लावली तर सेट बराच जास्त टिकतो.

नट

सोपं आधी. तारा एकेक करून खाचेतून बाहेर काढा, खाचेत टूबी किंवा त्याहून मऊ पेन्सिल घासा, तार परत बसवा. शिसं म्हणजे ग्राफाइट, कोरडं वंगण. शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते लाकडात मुरतं आणि धूळ धरून खाचेत चिखल करतं. आपल्याकडे धुळीची कमतरता नाही.

पेन्सिलीने फरक पडला पण दोन दिवसांत परत तेच, म्हणजे खाच अरुंद आहे. गिटार बऱ्याचदा कारखान्यातून ९ नंबरच्या सेटसाठी कापलेली असते आणि आपण १०चा लावतो. ९च्या सेटमध्ये बारीक ई ०.००९ इंच आणि जाड ई ०.०४२, १०च्या सेटमध्ये ०.०१० आणि ०.०४६. जाड तार अरुंद खाचेत पाचरीसारखी रुतते. खाच रुंद करायच्या खास कानशी मिळतात, पण महाग. त्याऐवजी गॅस वेल्डिंगच्या दुकानात नोझल साफ करायच्या बारीक खरबरीत सळ्यांचा जुडगा मिळतो. तारेहून अगदी किंचित जाड सळई निवडा आणि खाचेत हलक्या हाताने मागेपुढे करा. सळई डोक्याकडे थोडी उतरती धरा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकेल. रुंदी वाढवायची आहे, खोली नाही, हे दर दोन घासांनी स्वतःला सांगत राहा.

खोली जास्त झाली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. तेव्हा खाचेत खायचा सोडा दाबून भरायचा, वर फेव्हिक्विकसारख्या गमाचा एक थेंब टाकायचा. क्षणात दगड होतो. मग नवी खाच कापायची. तात्पुरता उपाय आहे, पण पुढच्या तारखेपर्यंत गाडी चालते. थेंब टाकण्याआधी फ्रेटबोर्डावर चिकटपट्टी लावायला विसरू नका.

उलट, नट उंच असला तर त्रास वेगळा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे बघा. कागद सरकेल इतकी हवी. तिथून एटीएम कार्ड जात असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि खालचे सगळे कॉर्ड चढे लागतात. स्वस्त गिटारींत हा दोष फार. मोकळी ई चोख, एफ कॉर्ड मात्र रडका, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

ट्रेमोलो: मांडवात तरंगवू नका

१९५४ साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तेव्हापासून सहा स्क्रूंवर झुलणारा आणि मागे स्प्रिंगांनी तोललेला हा ब्रिज जगभर नकलला गेला. आपल्याकडच्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी बऱ्याच याच घराण्यातल्या. तो तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांच्या बरोबरीवर उभा असतो. म्हणून एक तार जुळवली की बाकीच्या हलतात, आणि एक तुटली की सगळ्याच चढतात.

फेंडरची स्वतःची शिफारस ब्रिजच्या मागच्या कडेखाली सुमारे ३.२ मिलिमीटर फट ठेवायची. दांडा वर ओढून सूर चढवायची ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ते ठीक. लग्नात, जत्रेत, श्रावणातल्या कानबाईच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्याला ती गरज किती वेळा पडते? माझं मत स्पष्ट आहे: ब्रिज बॉडीवर टेकवून ठेवा. मागचं प्लास्टिकचं झाकण काढा, आत पंज्यासारखा पत्रा दिसेल, त्याचे दोन लांब स्क्रू अर्धा-अर्धा आटा घट्ट करत जा. प्रत्येक वेळी तारा पुन्हा जुळवा. जुळवलेल्या अवस्थेत ब्रिज बॉडीला चिकटून राहिला आणि जीवर एक सूर बेंड केला तरी हलला नाही, की थांबा. तीन स्प्रिंगांनी भागत नसेल तर चौथी आणि पाचवी लावा. दांडा खाली दाबता येतोच, आणि मांडवात तार तुटली तर उरलेल्या पाच तारांवर गाणं पूर्ण करता येतं. सारंगखेड्याच्या जत्रेत स्टेजवर बदली गिटार कुणाकडे असते?

सहा स्क्रूंबद्दल एक. काही गिटारींत ते इतके आवळलेले असतात की ब्रिजचा पत्रा खाली दाबला जातो आणि दांडा सोडल्यावर जागेवर परत येत नाही. ते थोडे सैल करा. पत्रा मोकळा हलला पाहिजे, पण त्याखाली फट दिसता कामा नये. दोन खांबांवरच्या ब्रिजला ही भानगड नाही. तिथे खांबाची धार बोथट झाली आहे का ते बघा.

फ्लॉइड रोझ जातीचा कुलपी ब्रिज असेल तर नटाची सगळी चर्चा बाद, कारण तिथे तार नटावर स्क्रूने आवळलेली असते. तिथे सूर जातो तो कुलूप आवळण्याआधी तारा पुरेशा न ओढल्यामुळे.

वैशाख आणि श्रावण

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेली गिटार त्याहून किती तरी जास्त तापते. पोलाद तापलं की लांबतं. मानेचं लाकूड लांबीच्या दिशेने त्या मानाने फारच कमी वाढतं. म्हणून तारा सैल पडतात आणि सगळा सूर उतरतो. तुम्ही तशीच गिटार काढून जुळवता, स्टेजवर उभे राहता आणि मागून जंबो कूलरचा थंड ओला झोत थेट मानेवर येतो. पाच मिनिटांत सगळ्या तारा चढतात. गाण्यांच्या मध्ये कोपऱ्यात सरकलात की पुन्हा उतरतात. हा दोष कुठल्याही खुंटीने जायचा नाही. गिटार तासभर आधी मांडवात आणा, पिशवीतून काढून सावलीत उभी करा, जिथे उभे राहून वाजवणार तिथेच जुळवा आणि कूलरचं तोंड ढोलकीवाल्याकडे वळवा. तो दुवा देईल.

लाकडाचं गणित उष्णतेपेक्षा ओलाव्याशी जास्त आहे. आपल्याकडे फाल्गुनापासून हवा कोरडी ठाक होते, फ्रेटबोर्ड आकसतो, मान साधारणपणे सरळ होत मागे झुकते आणि पहिल्या पाच फ्रेटांवर तारा झणझणू लागतात. मानेच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचायला लागली तर समजा लाकूड वाळलंय. कानबाईच्या रोटांच्या सुमारास हवा ओली होते, फ्रेटबोर्ड फुगतो, मान पुढे वाकते, तारा उंच जातात आणि बोटं दुखतात. गिटार तीच, तारा त्याच. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि पाऊस लागल्यावर, मान तपासणं एवढंच आपल्या हातात आहे.

मान वाकवणारा-सरळ करणारा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू याने काढला. त्याचं पेटंट १९२३चं. अजूनही लोक त्याला हात लावायला घाबरतात. घाबरू नका, पण घाईही करू नका. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, उजव्या हाताने जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. सुमारे ०.२५ मिलिमीटर हवी. हे मोजायचं साधन मोटारसायकल मेकॅनिककडे असतं: टॅपेटची फट मोजायचं फिलर गेज. तेही नसेल तर १०च्या सेटमधल्या जुन्या बारीक ईचा तुकडा घ्या. ०.०१० इंच म्हणजे जवळजवळ ०.२५ मिलिमीटर. तो तुकडा फटीत जाड तारेला न उचलता जेमतेम सरकला तर मान जागेवर आहे.

फट कमी म्हणजे मान फार सरळ: ऍलन कीने रॉड उलटा, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, सैल करा. फट जास्त म्हणजे मान फार वाकलेली: घड्याळाच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव आट्याहून कमी. मग तारा जुळवा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. आवळताना रॉड अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका, गिटार जाणत्याकडे न्या. रॉडचा आटा गेला की मानच बदलावी लागते.

फ्रेटबोर्ड वाळला म्हणून खोबरेल चोळणारे पुष्कळ. ते करू नका, खोबरेल कालांतराने खवट आणि चिकट होतं. रोझवूडसारख्या उघड्या लाकडाला साध्या मिनरल ऑइलचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन पुसले तरी पुरतं. पिवळसर, चकचकीत मेपलच्या फ्रेटबोर्डाला तेही नको.

गायकाला काळी दोन हवी

हा खास आपल्याकडचा घोळ. गायक म्हणतो, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या. गिटारवाला सहाही तारा अर्धा स्वर उतरवतो, म्हणजे ई तार काळी दोनवर येते. ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. मान सरळ होते, तारा खाली येतात, झणझण सुरू. ब्रिज तरंगता असेल तर तो मागे झुकतो आणि कहर होतो. मग सगळा सेटअप बिघडला म्हणून आरडाओरडा.

कायम अर्धा स्वर खालीच वाजवत असाल तर १०चा सेट लावा आणि त्या ताणावरच मान आणि ब्रिज बसवा. नट ते ब्रिज २५.५ इंच तार असलेल्या गिटारीवर १०चा सेट पूर्ण सुरात सुमारे ४६ किलोचा ताण देतो, ९चा सुमारे ३८. अर्धा स्वर उतरवलेला १०चा सेट म्हणजे ४१च्या आसपास, वाजवायला छान. आणि एखाद्याच कार्यक्रमापुरतं असेल तर गिटार सुरात ठेवा आणि कॉर्ड एक घर खाली वाजवा. बोटांना कष्ट, पण दुरुस्ती शून्य.

हार्मोनियमबरोबर वाजवताना ट्युनरवरचा ४४० (ए सुराचे हर्ट्झ) हा आकडा पवित्र मानू नका. जुन्या पेट्या ४४०वर असतीलच असं नाही. पेटीची पांढरी सहा, म्हणजे ए, ट्युनरला ऐकवा, ट्युनरचा संदर्भ आकडा तिच्याप्रमाणे वरखाली करा आणि मग सहाही तारा जुळवा. कार्यक्रम संपल्यावर तो आकडा परत ४४०वर आणायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी कीबोर्डबरोबर तुम्ही एकटेच बेसूर.

ऍक्शन, मग पिकअप, मग इंटोनेशन, याच क्रमाने

मान ठरली की तारांची उंची, म्हणजेच ऍक्शन. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड ईला २ मिलिमीटर आणि बारीक ईला १.५ मिलिमीटर ही सुरुवात. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी पुरते. सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या छोट्या घडीचे) बारीक स्क्रू आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींत १.५ मिलिमीटरच्या ऍलन कीने फिरतात. मधल्या तारा फ्रेटबोर्डाच्या गोलाईप्रमाणे किंचित उंच राहू द्या. सहाही सॅडल एका सपाट रेषेत आणले तर मधल्या तारा झणझणतात.

झणझण कुठे आहे त्यावरून जागा कळते. फक्त मोकळी तार: नटाची खाच खोल. पहिले पाच फ्रेट: मान फार सरळ. बाराव्या फ्रेटच्या वर: सॅडल फार खाली. एकाच फ्रेटवर: त्याच्या पुढचा फ्रेट उंच आला आहे, एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटांवर उभी ठेवून डोलवा, डुगडुगली तर मधला फ्रेट दोषी. आणि ॲम्पमधून ऐकू येत नसेल तर झणझण सोडून द्या. शांत खोलीत गिटारीला कान लावून दोष शोधणारा माणूस कधीच समाधानी होत नाही.

पिकअप (तारेची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारे चुंबकी भाग) फार वर असतील तर त्यांचं चुंबक तारेला खेचतं. जाड ई वरच्या फ्रेटांवर वाजवली की एकाच वेळी दोन सूर असल्यासारखा आवाज डुलतो आणि ट्युनरचा काटा स्थिर होत नाही. स्ट्रॅटोकास्टर जातीत हे जास्त. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपर्यंतचं अंतर जाड बाजूला सुमारे २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर ठेवा. हे इंटोनेशनच्या (तार वरच्या फ्रेटांवरही सुरात येईल अशी सॅडल मागेपुढे बसवण्याच्या) आधी करा, नाहीतर चुंबकाने बिघडवलेल्या सुरावर सॅडल बसवाल.

आता इंटोनेशन. तारा नव्या, ओढून बसलेल्या. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा, ट्युनरवर चोख करा. मग त्याच फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, नटापासून लांब न्या. उतरा असेल तर पुढे आणा. प्रत्येक फेरफारानंतर मोकळी तार पुन्हा जुळवायची. गिटार मांडीवर आडवी ठेवून करू नका. वाजवताना जशी धरता तशीच धरा. शेवटी सॅडलची रांग बघा: जाड ई सर्वात मागे, ए आणि डी पायऱ्यापायऱ्यांनी पुढे, मग साधी जी पुन्हा मागे, तिथून बी आणि बारीक ई पुढे. रांग अशी दिसत नसेल तर एखादी तार मृत आहे किंवा चुकीच्या जागी लागली आहे.

इथे एक इशारा, विशेषतः तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना. सगळं चोख बसवूनही ई मेजर कॉर्डमधला गांधार तुम्हाला चढा वाटेल. तो आहेच चढा. शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), गिटारीच्या समान विभागणीत तो ४०० सेंटवर. हे १४ सेंट फ्रेटच्या जागांमध्येच आहेत. तो टोचतो म्हणून जी तार थोडी उतरवून ई कॉर्ड गोड केलात तर लगेच पुढचा जी किंवा सी कॉर्ड फाटतो, आणि मग रात्रभर खुंट्या पिळणं सुरू. ट्युनरवर सोडा आणि वाजवा.

मांडवात ट्युनर

क्लिप ट्युनर लाकडाची थरथर वाचतो. शेजारी डीजेचा बेस सुरू असला की गिटारीचं डोकंही थरथरतं आणि ट्युनर भलताच सूर दाखवतो. मांडवासाठी केबल लागणारा पेडल ट्युनर घ्या. तो फक्त पिकअपचं ऐकतो आणि जुळवताना आवाजही बंद ठेवतो. जनरेटरजवळ सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे, पिकअप ५० हर्ट्झची घरघर उचलतात, तेव्हा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवून तार जरा जोरात छेडा, म्हणजे तारेचा सूर घरघरीवर मात करेल. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते हे ठीकच आहे. माइकला ओठ लागल्यावर झटका बसला तर मात्र गिटार खाली ठेवा आणि वायरमनला अर्थिंग बघायला लावा, गाणं थांबलं तरी चालेल.

आणि बोल्टच्या मानेची गिटार असेल तर मानेच्या मागचे चार स्क्रू. गाडीत आपटत आलेल्या गिटारीत ते सैल होतात. बॉडी धरून मान हलकेच बाजूला ढकला. सूर हलला आणि ‘कट्’ वाजलं तर तारा सैल करून स्क्रू आवळा. पाचोऱ्याहून आलेली एक गिटार एवढ्यावरच ठीक झाली, नव्या खुंट्यांसकट.